भाड्याचा पोशाख

१० नोव्हेंबर, सोमवार

घोडेगावात आज धुकं इतकं खाली उतरलेलं की कॉलेजचं फाटक दिसेना. एसटीतून उतरले आणि क्षणभर वाटलं, चुकीच्या गावी आले. नर्सिंगची पोरं घडवणारी बाई, स्वतःच वाट हरवलेली. चालत राहिले, मग फाटकच पुढे आलं.

पहिल्या वर्षाचा तास. आज यमुना केस सांगणार होती. ती आहुप्याची, पार कड्यावरच्या गावाची. हॉस्टेलला राहते. उभी राहिली, पाठ ताठ. “आजींना रातच्याला लई कळा येत व्हत्या. जेवन न्हाई, झोप न्हाई...” मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “व्हत्या.” प्राजक्ताचा आवाज. मग अख्खा वर्ग हसला. वाईट हसू नव्हतं, पण हसूच. यमुनेनं कागदाची घडी केली आणि खाली बसली. केस अर्धीच.

मी “शांत बसा” म्हणाले. एवढंच.

याच मुली व्हरांड्यात आईशी फोनवर बोलतात तेव्हा व्हतं आणि न्हाईच बोलतात. वर्गात शिरताना चपलांबरोबर दाराशी काढून ठेवतात ती भाषा. यमुनेनं काढली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यमुना आता तोंडच उघडत नाही. हजेरीला नुसता हात वर.

स्टाफरूममध्ये वंदनाताईंनी वांगं-बटाटा आणला होता. डबा माझ्याकडे सरकवला. “खा की एकदा, शीतल. तुमच्या देवाला मी सांगते पायजे तर.” सगळे हसले, मीही हसले. वंदनाताई पिंपरी पेंढारच्या, माझ्याहून सीनियर. मला ताप आला होता तेव्हा दोन बस बदलून घरी आल्या होत्या. त्यांच्यावर राग धरता येत नाही. पण रोज उत्तर द्यायचं, रोज हसून द्यायचं, ते कुठेतरी साचतं.

आम्ही मारवाडी जैन म्हणायचे, पण दुकान मंचरच्या पेठेत माझ्या पणजोबांपासून. आजोबांनी राजस्थान कधी पाहिलं नाही. तरी लोक “तुमच्याकडे” म्हणतात तेव्हा बोट कुठे दाखवतात कळत नाही.

दुपारी प्राचार्य मॅडम आल्या. डिसेंबरात स्नेहसंमेलन. “आपल्याकडे ती आदिवासी मुलगी आहे ना, तिचा नाच ठेवू. पाहुणे खूश होतील. शीतल, तू बघ जरा.”

मी मान हलवली. मान आधी हलते, मी नंतर पोचते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पोशाख आला. मंचरच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं. प्लॅस्टिकची हिरवी पानं शिवलेला घागरा, रंगवलेली पिसं, कवड्यांची माळ, गालांवर ओढायला पांढरा रंग.

यमुनेला ऑफिसात बोलावलं. तिनं पिशवीत हात घातला, एक पीस वर काढलं. बराच वेळ बघत राहिली. “हे कुनाचं हाय?”

“तुमचंच,” प्राचार्य मॅडम. अगदी प्रेमानं.

“आमच्यात असं कोन घालत न्हाई. माझी आई नऊवारी नेसती.”

“अगं, स्टेजवर लांबून उठून दिसायला नको का? कौतुकच करतोय आपण तुझं.”

यमुनेनं पोशाखाची घडी घातली. पानं दुमडत नव्हती, परत परत उसळून वर येत होती. तरी ती घालत राहिली. मी खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर ऊन असं पडलेलं, जणू आत काही चाललेलंच नाही.

संध्याकाळी एसटीत डोळे मिटले तर चौथीतलं नाटक. मला सावकाराची बायको केलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “तुला शोभेल.” पोटाला उशी बांधलेली, हातात खोटी तिजोरी. आई पुढच्या रांगेत बसली होती. टाळ्या तिनंही वाजवल्या. कशा वाजवल्या असतील?

१९ नोव्हेंबर, बुधवार

यमुना गेली. हॉस्टेलवर कॉटवरची चादर ताणून नीट केलेली, ट्रंक नाही. आहुप्याच्या गाडीनं गेली म्हणे. फोन लागत नाही, तिकडे रेंजच नसते.

वॉर्डचे तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही. प्राचार्य मॅडमना सांगितलं. त्या फाईलमधून वर न बघता म्हणाल्या, “या मुली टिकत नाहीत गं.”

टिकत नाहीत. दूध नासतं तसं म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार. आहुपे

आईला सांगून आले. तिला पटलं नाही. “मास्तरणीनं पोरीच्या मागं गावोगाव हिंडायचं असतं का?” पण दशम्या बांधून दिल्या.

गाडी डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं चालली होती. पाणी निळं, त्यात डोंगर उलटा. वळणावळणाला एकेक माणूस उतरत गेला. शेवटी मी आणि ड्रायव्हर-कंडक्टर. वाटलं, ही बस आता थांबायचीच नाही. डोंगर संपेल, मग ढगातून जात राहील.

यमुना खळ्यावर होती, भात झोडत. मला पाहून हातातली पेंढी तशीच. लाजली नाही, हसलीही नाही. “मॅडम, तुमी?” मग आईला हाक मारली, “आये, आमच्या मॅडम आल्यात.”

आई उंच, काटक. नऊवारी. पाणी दिलं, बसायला गोधडी टाकली. कशाला आलात, एका शब्दानं विचारलं नाही. मीच ओशाळून म्हणाले, माझ्यासाठी काही करू नका, मी दिवस मावळला की जेवत नाही, आणि कांदा-लसूण, बटाटा... बोलताना पुढचं माहीतच होतं. आता “का?” येणार, मग “अगं बाई!” येणार, मग हसू.

आईनं सूर्याकडे पाहिलं. “मंग लवकरच पेटवते चूल. मिरची तर चालती ना?”

बस. इतकंच.

आणि मग घरातले सगळेच माझ्याबरोबर बसले. यमुनेचे वडील खळ्यावरून हात धुऊन आले, म्हातारी आजी बसली. रोज काही ही मंडळी उन्हात जेवत नसणार. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या वेळेला जेवा. आई म्हणाली, “एकट्या मानसाला ताट वाढून बाकीच्यांनी बघत बसायचं व्हय? आज आमी बी उजेडात जेवू.”

नाचणीची भाकरी, उडदाची साधी आमटी, वर हिरवी मिरची. समोर कड्यावर सूर्य टेकलेला, ताटं तांबूस झालेली. इतक्या वर्षांत घराबाहेर मी पहिल्यांदा स्पष्टीकरण न देता जेवले.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी यमुना देवराईत घेऊन गेली. चपला बाहेर. आत शिरलं की आवाज बदलतो, आपला श्वासही दुसऱ्याचा वाटतो. झाडं इतकी जुनी की बुंध्यांना चेहरे फुटलेत. उजेड वरून गळत येतो, खाली पोचेपर्यंत हिरवा होतो. इथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही म्हणाली. मी पदराला चिकटलेलं पान काढून हळूच खाली ठेवलं.

वर्गात मुकी असलेली ही मुलगी तिथं बोलतच सुटली. वेलीचं नाव, पाखराचं नाव, लहानपणी कुठं लपायची. मध्येच थांबून आजीची गोष्ट सांगितली. आजीला एकदा दवाखान्यात नेलं होतं, मोठ्या शहरात. तिथल्या नर्सनं आजीच्या गळ्यातली मण्यांची दोरी कापली आणि कापसाबरोबर डब्यात टाकली. इचारलं पन न्हाई, म्हणाली. आजी घरी येईपर्यंत गळ्यावर हात ठेवून होती.

“तवाच ठरवलं. आत जायचं. आत आपलं कोनतरी पायजे.”

“मग चल ना परत.”

ती मातीवर बोटानं रेघा ओढत राहिली. “मी आले तर पोरी हसनार न्हाईत, असं सांगता का तुमी?”

सांगावंसं खूप वाटलं. तोंडावर आलं होतं. “नाही सांगता येणार, यमुना.”

“आनि ती पिसं?”

“तेही माझ्या हातात नाही. पण मी बोलेन.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “बरं झालं. व्हय म्हनाला असता तर मी आलेच नसते.”

म्हणजे येणार? विचारलं नाही. गाडीचा हॉर्न वाजला. कड्याखाली कोकण होतं म्हणे, मला नुसतं पांढरं दिसलं, ढगांचं शेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्राचार्य मॅडमशी बोलले. म्हटलं, मॅडम, तो पोशाख तिचा नाही. कुणाचाच नाही. सिनेमातला आहे. तिला तो दिला म्हणजे तुझं खरं रूप आम्हाला नको, असं सांगितल्यासारखं झालं.

त्या चिडल्या नाहीत. खरंच गोंधळल्या. “अगं पण मी तिला पुढे आणत होते. मागे बसलेली मुलगी.” मग थोड्या वेळानं, “पत्रिका छापून गेल्यात. आदिवासी नृत्य लिहिलंय त्यात. यमुना नको म्हणत असेल तर दुसरी कुणी घालेल.”

दुसरी म्हणजे प्राजक्ता. तिनंच विचारलं म्हणे, मी घालू का.

स्टाफरूममध्ये डोकं टेबलावर टेकून बसले. वंदनाताईंनी शेजारी खुर्ची ओढली. आहुप्याचं सगळं सांगितलं, उजेडातल्या जेवणाचंही. त्यांनी डबा उघडला. मग म्हणाल्या, “मी तुला रोज छळते, न्हाई का गं?”

“छळत नाही हो. पण थकते मी कधी कधी.”

“मग बोलायचं व्हतंस की बाई.” आणि डबा बंद केला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वंदनाताईंच्या तासाला मागे बसले. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या पाळीला कशी द्यायची, हा विषय. पुस्तक मिटून म्हणाल्या, “आज घरी बोलतो तसंच बोलायचं. मी पन तसंच बोलनार. पेशंट काय पुस्तकातून येत न्हाई.”

मुली खुळ्यासारख्या एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी उठेना. शेवटी प्राजक्ताला उभं केलं. “पेशंट... होता... व्हता...” कानापर्यंत लाल. हसल्या सगळ्या, पण या हसण्यात ती स्वतःही होती. मग हळूहळू सुटल्या. कुणाची आई जुन्नरकडची, कुणाची तळेघरची, प्रत्येकीच्या बोलण्याला वेगळा हेल. वर्गात घरं भरल्यासारखी वाटली, धूर, गोठा, अंगण. मी बाकावर डोकं टेकून ऐकत राहिले.

तळेघरच्या मुलीनं मात्र तोंड वाकडं केलं. “इथं शिकायला आलोय, परत तेच बोलायचं तर काय?” तिचंही खोटं नाही. तिनं किती कष्टानं धुतली असेल ती जीभ.

यमुनेचं बाक रिकामं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिसातून निरोप, कॉलेजच्या तपासणीला लोक येणार. “वर्गात प्रमाण भाषाच हवी. वंदना मॅडमना सांगा.” मी सांगितलं. वंदनाताई म्हणाल्या, “सांगितलंस ना? झालं तुझं काम.” आणि हसल्या.

आज दुपारी डब्यात त्यांनी मूग आणले होते. लसूण नव्हता. काही न बोलता डबा मध्ये ठेवला. मी दोनदा घेतले.

१ डिसेंबर, सोमवार

यमुना आली! तासाच्या मधोमध, ट्रंक हातात, दारात उभी. “आत येऊ का?” सगळ्या माना वळल्या. मी “ये” म्हणाले. ती मागे जाऊन बसली.

मनात काय काय चित्रं रंगवली होती. ती येईल, पोरी जवळ घेतील. तसं काही झालं नाही. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी हसलंही नाही. मधल्या सुट्टीत ती एकटीच पायऱ्यांवर. पण कोपऱ्यात नव्हती बसली, मधल्या पायरीवर. लोकांना वळसा घालून जावं लागत होतं.

प्राजक्ता पिसं घालून नाचणार हे तिला कळलंय. कुणी सांगितलं माहीत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी यमुना आली. “मॅडम, मला मोठ्या मॅडमशी बोलायचंय. त्या पोशाखाचं.” मी लगेच पर्स उचलली, चल म्हणाले. तिनं मान हलवली. “तुमी नका येऊ. तुमी आलात तर त्या तुमच्याशीच बोलतील.”

बरोबर आहे. तरी दुखलं थोडं.

आत गेली. ठोठावून, पण उत्तराची वाट न बघता. दाराला धुरकट काच. त्यातून दोन सावल्या दिसताहेत, एक बसलेली, एक उभी. पाण्याखाली बघावं तशा. आता उभी असलेली सावली खुर्ची ओढून बसली. तिला बस म्हणाल्या, की ती आपणहून बसली?

प्राजक्ता पिशवी घेऊन आलीये, तालमीसाठी. पिशवीतून एक पान बाहेर लोंबतंय. माझ्याशेजारी बसली. म्हणाली, “मॅडम, मी घालू का नको?”

“मला नको विचारूस. ती बाहेर आली की तिला विचार.”

“ती बोलंल का माझ्याशी?”

माहीत नाही म्हटलं.

तासाची घंटा होऊन गेली. माझा वर्ग वाट बघत असेल. आम्ही दोघी बसूनच आहोत. आतून आवाज येतोय, एकीचा नाही, दोघींचा. शब्द लागत नाहीत.