पोट साफ, काच काळी

१० नोव्हेंबर, सकाळी
ठरलं. हे काम सोडायचं नाही. आधीची कामं सोडली कारण ती कामंच बेकार होती. प्रल्हादकाकांनी रिटायर झाल्यावर गावाबाहेरच्या शेडमधे स्वतःच्या हातानं दोन सीटचं विमान बनवलं. उडते पण! फक्त दरवेळी उतरलं की पोट काळं. इंजिनातली गरम वाफ ब्रीदर नावाच्या नळीतून बाहेर पडते, तिच्यासंग ऑइल उडते अन् पोटाले चिकटते. पुसायचं मी. काका म्हणाले, रविवारी पोट चकाचक दिसलं तर दुसऱ्या सीटवर तू बसशील पोट्ट्या. वरून रायपूर! मले तर झोपच नाही.

११ नोव्हेंबर
विमानाखाली उताणा झोपून पुसून राहिलो होतो. रॉकेल नाकात. अर्धं झाल्यावर वाटलं, पुसणं म्हणजे बिनडोक काम. रोग मुळातूनच काढला पाहिजे. म्हणून उरलेलं सोडलं. आळस नाही, प्लॅनिंग.

१२ नोव्हेंबर
नळीच्या तोंडाले डबा लावायचा. ऑइल डब्यात, पोट साफ. इतकं सोपं कोणाले सुचलं काहून नाही? क्लॅम्प आणायला सदर बाजारात निघालो. तात्यापाऱ्यात एकाची बुलेट बंद. धक्का मारला. त्यानं समोसे खाऊ घातले, मग पुरानी बस्तीत त्याच्या घरी कॅरम. क्लॅम्प राहिला. पण माणुसकी हे पण काम आहे.

१४ नोव्हेंबर
क्लॅम्प आणून डबा बसवला. झाकण घट्ट, वरून टेप. काकांची पोरगी रूपालीदीदी वाकून पाहते तर म्हणे, अरे यश, हवा कहाँ से निकलेगी? छेद कर इसमें. मी म्हटलं, छेद केला तर गळंल ना! ती म्हणे, इंजिन का दम घुटेगा, छेद कर, फिर लगा. हव म्हटलं. केला नाही. शिकलेल्या लोकांले सोपी गोष्ट अवघड करायची सवय असते. ती गेल्यावर उरलेलं पोट पुसून काढलं.

१६ नोव्हेंबर, सकाळी
रविवार! पोट आरशासारखं. भांग पाडला, गॉगल घेतला. काका म्हणाले, आधी जमिनीवरच इंजिन गरम करतो, मग बस. मी डब्याचं बोललो नाही. सरप्राइज.

त्याच दिवशी, दुपारी
वाफेले जायला रस्ताच नाही. पंख्यामागचं रबरी सील बाहेर फेकल्या गेलं. ऑइल सारं काचेवर. काकांनी इंजिन बंद केलं, मान बाहेर काढली, तर मिशीवरही. रागावले असते तर बरं झालं असतं. दीदीनं डब्याचं सांगितलं, तर काकांनी मले नुसतं विचारलं, छेद? मी म्हटलं, काका, पण पोट पाहा ना, एक थेंब नाही. ते वाकलेच नाहीत.

३० नोव्हेंबर
इंजिन दुरुस्त झालं. डब्याले छेद दीदीनं केला. आज टेस्ट उड्डाण. दुसऱ्या सीटवर माणसाएवढं वजन पाहिजे होतं. मी पुढं झालो. काकांनी रेतीचं पोतं आणायला सांगितलं. म्हणे, हे कुठं हात लावत नाही.
पोतं मीच भरलं. बेल्ट पण मीच लावला.
मस्त उडालं.