चित्र गेलं की पाऊस

आबा, दूध सोसायटीच्या छपरावरची टीव्हीची छत्री मी बसवली होती, अंबाजोगाईहून काम शिकून आल्यावरची माझी पहिलीच. तुम्ही चेअरमन. दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर मी तोऱ्यात सांगितलं, ही केयू बँडची छत्री. लहरी इतक्या आखूड की परातीएवढी छत्री पुरते, पण दाट पाऊस आडवा आला की त्या थेंबांतच जिरतात. जुन्या जाळीच्या मोठ्या छत्रीला, सी बँडला, पाऊस एवढा बाधत नाही. तुम्ही त्यातलं एकच धरून ठेवलंत, चित्र गेलं की पाऊस. दोनदा तसं झालंही.

मग तो कोरडा जून. एक सर पडून गेलेली, धारूरच्या डोंगरावर ढग, सोसाट्याचा वारा, आणि सगळे तिफणी थांबवून बसलेले. चित्र गेलं. तुम्ही कॅन बाजूला सारून म्हणालात, "पेरा. छत्रीला कळतंय." लोकांनी तुमच्या शब्दावर बी मातीत घातलं. वारा पडला, चित्र परत आलं, पाऊस काही आला नाही. कोंब वर आले तसे करपले.

आठवड्यानं मी छपरावर चढलो. केबलचा कनेक्टर मी आवळलाच नव्हता, वाऱ्यानं तार हलली की चित्र जात होतं. तुमचा गुडघा दुखायचा, म्हणून तुम्ही खाली शिडी धरून उभे. "छत्रीत काय खोट हाय का रं?" तुम्ही विचारलंत. मी कनेक्टर आवळला आणि वरूनच म्हणालो, "न्हाई आबा."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी कॅन ठेवता ठेवता विचारलं, "चेअरमन, आज चित्र कसं हाय? पेरू का थांबू?" सगळे हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोराचं शास्त्र खोटं न्हाई. ढगच फिरला." मी तिथंच चहाचा कप धरून उभा होतो. कनेक्टर कुणाच्याही हातून राहतो, आबा. लाज वाटते ती तेव्हा गप्प राहिल्याची. त्यानंतर पेरणीचं तुम्हाला कुणी विचारलं नाही, आणि पुढच्या निवडणुकीला तुम्ही उभे राहिला नाहीत.

आज माझ्या दुकानातल्या टीव्हीचं चित्र गेलं. मी आधी पाना घेऊन वर गेलो. कनेक्टर घट्ट होता, आणि समोरून खरंच पाऊस येत होता.

गावात त्या पेरणीवरून अजून तुम्हालाच हसतात. हे पत्र एकदा सोसायटीत वाचून दाखवलं तर थांबेल. मी ते घडी करून हत्यारांच्या पेटीत, अगदी तळाशी ठेवतोय.