हनुवटीखालची फीत

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन अंतराळपोशाख झाले एकदाचे! कुकटपल्लीच्या गोदामात सिनेमाचं यान उभं केलंय — भिंतींवर बेगम बाजारातली इडलीपात्रं ठोकून वर चंदेरी रंग. असो. पण पोशाखाची चेन पाठीला. आतल्या माणसानं उघडायची कशी? मी हनुवटीखाली लाल फीत लावली. ओढली की कॉलर सुटते, हेल्मेट निघतं.

एका पोशाखाची बाही तेजश्रीला शिवायला दिली होती. उसवावी लागली. टाके वाकडे, गाठ बाहेर! सिनेमाची वेशभूषाकार म्हणे. चौतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं आणि पोटची पोर ही अशी. मला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर अगाथांनी बोटांवर पट्टी हाणली असती.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दिग्दर्शक हर्षवर्धन, तिशीही गाठली नसेल. "अम्मा, गोष्ट दोन हजार नव्वदची आहे. ही लाल लेस काढा."

लेस! म्हटलं, "जीव वाचवायची वस्तू लालच हवी."

"हेल्मेटमध्ये फॅन आहे ना?"

आहे. खेळण्यातला!

तारांवर लटकणार ती रेणू, नायिकेच्या जागी. हळूच म्हणाली, "आंटी, काढू नक्को. आत जीव घाबरा होतो."

तेजश्रीनं मला बाजूला ओढलं. "आई, काप. वाद नको. माझं काम जाईल."

सगळ्यांसमोर कात्री चालवली. तिन्ही फिती. तिला तिथेच सोडून एकटीच घरी आले.

१३ फेब्रुवारी

उद्या रेणूचा शॉट. कापणारे हात माझेच की.

१४ फेब्रुवारी, बुधवार

रेणू वीस फूट वर. खाली धूर सोडलेला. बघता बघता हेल्मेटची काच आतून पांढरी — पंखा बंद! ती हातपाय झाडायला लागली आणि हर्षवर्धन ओरडतोय, "सुपर! कॅमेरा थांबवू नका!"

"अरे, गुदमरतेय ती! उतरवा!" मी किंचाळले. कुणी हलेना.

तेवढ्यात रेणूचा हात हनुवटीखाली गेला. हेल्मेट धाडकन खाली. वर ती खोकत होती. जिवंत!

पण फीत तर मी कापली होती.

१५ फेब्रुवारी

पोशाख दुरुस्तीला घरी आला. फीत आहे. पांढरी — पोशाखाच्याच रंगाची, कॅमेऱ्याला न दिसणारी. मला हे सुचलं नाही.

टाके वाकडे. गाठ बाहेर.

उसवून नीट करायला सुई ओवली. परत ठेवून दिली.