जिन्याखालचा दिवा

नंदनवन, नागपूर
११ एप्रिल २०२५

चि. गिरिधर यास,
अ. उ. आ. रीत म्हणून लिहिले. फार अर्थ काढू नकोस.

आमच्या अस्मिताच्या लग्नात मांडवातून उठून गेलास, तेव्हापासून तुझ्याशी बोलणं सोडलंय. म्हणून हे पत्र वरच्या मजल्यावर तुझ्या दाराखाली सरकवतो. जिन्याखाली तू बसवलेला आपोआप लागणारा दिवा रोज संध्याकाळी कोणी नसताना लागतो, विझतो, पुन्हा लागतो. स्वयंपाकघराच्या दुधी काचेवर नुसता लखलखाट. तुझ्या वहिनीचं डोकं उठतं. आमच्यावर पहारा ठेवायचा असेल तर तसं सांग. आईला विचारलं, तर म्हणाली, "मले काही तरास नाही." तिचा स्वभावच सोसण्याचा. दिवा काढ.

नात्यापुरता तुझा,
महादेव

१५ एप्रिल

ति. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पहारा ठेवावा असं तुमच्या घरात आहे काय? हिंगण्याहून शिफ्ट करून येतो तेव्हा मला भाकरीपलीकडे काही दिसत नाही.

हा दिवा समोर काही गरम हललं की लागतो. माणूस असो, मांजर असो, गरम हवा असो. रविवारी मधुमालती छाटली, सेन्सरचं तोंड फाटकाकडून फिरवलं, सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू कमी केला, लागल्यावर विझायची वेळही सगळ्यात कमी ठेवली. तरी लागत असेल, तर दोष तुमच्या एसीच्या बाहेरच्या डब्याचा. त्याची गरम हवा सरळ जिन्यावर येते. तो बंद करून पाहा. तुमची भावजय लतिका म्हणते, आपल्या घरची हवा आधी तपासावी.

मोठ्यांचा मान राखून,
गिरिधर

१९ एप्रिल

चि. गिरिधर यास,
आशीर्वाद.

नागपुरातल्या एप्रिलात एसी बंद ठेवून आम्ही भाजून निघालो. दिवा आता पूर्वीपेक्षाही जास्त उघडझाप करतो. सोमवारी वायरमन बोलावून तार कापतोय. भिंत माझी आहे. लतिकेला सांग, हवा तपासून झाली.

महादेव

२० एप्रिल

ति. दादांस,
नमस्कार.

तार कापू नका. आज शिफ्ट लवकर सुटली. दिवेलागणीला घरी आलो, तर आई जिन्याच्या पायरीवर कठड्याला टेकून बसलेली. दिवा विझला की ती हात वर करून हलवायची. तो लागला की पुन्हा गप्प, कान वर. वर आमची मुग्धा कविता पाठ करत होती.

काहून बसली इथं, असं विचारलं. म्हणाली, "चढवत नाही गा. पोरीचा आवाज इथपर्यंत येते. अंधारात भेव लागते म्हणून हात हलवतो."

मी फांदीवर शंका घेतली, मांजरावर घेतली, तुमच्या एसीवर घेतली. माणूस असेल हे सुचलं नाही. पण आई तुमच्या घरात राहते. रोज संध्याकाळी ती कुठे जाते, हे कोणी बघत नाही? की वर यायची बंदी केलीत? मी तिला उचलून वर नेलं.

गिरिधर

२१ एप्रिल

चि. गिरिधर यास,

वर नेलंस ते सांगितलं नाहीस. तुझी वहिनी रडत गल्लीभर शोधत होती. आई पोथी वाचते असं समजून त्या वेळी आम्ही तिच्या खोलीत जात नसू. बंदी कोणी केली नव्हती. तिचं मागचं दार जिन्याला लागून आहे. तू रोज त्यावरून वर जातोस, कधी कडी वाजवली नाहीस.

रोज वर नेऊन सोडतो, असं मी तिला म्हटलं. तिनं नकारार्थी मान हलवली. "तुम्ही दोघं बोलत नाही. तवर मी इथंच बरी."

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, बोलणंही होणार नाही. मात्र तार कापत नाही. लोभ असावा वगैरे तू समजून घे. एक कर. विझायची वेळ वाढव, तिचा खांदा दुखतो.

महादेव