कॅप्सूलचं कवच

प्रिय बाई,

आज दुकानात ब्राह्मणपुरीच्या एक आजी आल्या. आपल्याच समाजाच्या, जैन. हाडं ठिसूळ झालीत म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल मी पुढे केली, तर म्हणाल्या, "भाऊ, यान्हामा काय शे?" ती कशापासून बनते ते हवं होतं त्यांना. मागून त्यांची सून मला डोळ्यांनी खुणावत होती, खोटं सांगा म्हणून. कंपनीला विचारतो, उद्या या, असं सांगून वेळ मारून नेली. तेव्हापासून कामात लक्ष नाही. म्हणून तुला लिहितोय.

तूही हेच विचारलं होतंस ना? आईचं औषध मुलाच्याच मेडिकलमधलं, तरी विचारलंस! मीही सांगून टाकलं. वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. आणि कॅल्शियमची गोळी शिंपल्यांची.

धानोऱ्यात वाढलेली तू. मारवाडीपेक्षा अहिराणीच तुझ्या तोंडात जास्त. हसत म्हणालीस, "मन्हा हाडकासाठे दुसराना हाडकं खाऊ का?" आणि औषधाचं पाकीट परत माझ्या खिशात घातलंस.

मग सुरू झाले तुझे उपाय. सकाळी ओट्यावर उन्हात बसणं, तीळ, दूध. डॉक्टर म्हणाले, या वयात तेवढ्यानं भागणार नाही, त्यात तुमचे उपास. उपास सोड म्हटलं की तू बहिरी व्हायचीस. किती वाद घातले गं आपण! दमलो होतो मी.

शुद्ध शाकाहारी गोळ्या सुरतेला मिळतात असं कळलं. मागवल्या. इतका थोडा माल पाठवायला तिकडे कुणाला घाई नव्हती. मी रोज फोन करायचो, आज निघेल, उद्या निघेल. पार्सल आलं तेव्हा तू खुब्याचं हाड मोडून नंदुरबारच्या दवाखान्यात होतीस. बाथरूमच्या दारात नुसता पाय वळला होता.

तिथे त्या गोळ्या तू निमूट घेतल्यास, दिवस मावळायच्या आत. पण अंथरुणावरून उठली नाहीस. शेवटी छातीत कफ भरला.

डॉक्टर म्हणतात, आधीपासून गोळ्या चालू असत्या तरी हाड मोडलं नसतं असं सांगता येत नाही. ताईला हे पटत नाही. धुळ्याहून फोन आला की तिचं एकच, काय नडलं होतं तुझं खरं बोलायला? थकवा येतो गं.

तू मात्र दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली होतीस, "तू मन्हासंगे खोटं बोलना नही, हाई बरं करं." तुला बरं वाटलं. मला नाही वाटलं, बाई! मला तू हवी होतीस. एकदा तरी न विचारता गिळली असतीस, तर मला खोटंही बोलावं लागलं नसतं आणि तूही घरात असतीस. राग आहे माझा तुझ्यावर. अजून आहे.

तू गेल्यावर त्या गोळ्या मी पुन्हा मागवल्याच नाहीत. दुकानात बघवल्या नसत्या.

उद्या त्या आजींना खरं काय ते सांगीन. सून रागावली तर रागावू दे. पण या वेळी पार्सलची वाट बघणार नाही. दुकान बंद ठेवून गाडीनं स्वतः सुरतेला जाईन आणि गोळ्या त्यांच्या हातात देईन. तोवर त्यांनी जपून चालावं, एवढंच.

तुझा,
सुभाष