मागून घेतलेलं दुखणं

प्रिय शुभंकर,

बाबांनी कागदावर लिहावं असं काय झालं, असं तुला पाकीट बघूनच वाटलं असेल. नवीन काहीच झालेलं नाही. आपल्या घरात सध्या एकच फोन धड चालतो आणि तो तुझ्या आईच्या उशाशी असतो. तुझा प्रत्येक निरोप ती वाचते आणि माझं बोलणं पलंगावरून ऐकते. पोलाद कारखान्याचं क्वार्टर सोडून बोरसीला घर बांधलं तेव्हा हवेशीर हवं म्हणून तूच हट्ट धरला होतास. आता या हवेशीर घरात कुजबुजायलाही जागा नाही. म्हणून बँकेत जातो असं सांगून निघालो आणि बँकेतल्याच बाकावर बसून हे लिहितो आहे. तिच्याजवळ कमला आहे, उतईहून कामाला येते ती. आईला उठवणं-बसवणं तीच करते.

आजार हाडांत उतरल्यावर डॉक्टरांनी उपचार थांबवले, हे तुला माहीत आहे. आता फक्त दुखू नये एवढं बघायचं, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. त्यातली एकही तिने घेतलेली नाही. तू फोनवर विचारतोस, गोळी घेतली का, आणि ती अगदी सहज हो म्हणते. मग माझ्याकडे बघते. कूस बदलायची वेळ आली की पदराचा बोळा करून दातांत धरते. आवाज काढत नाही. तिने ओरडावं असं मला वाटतं, म्हणजे शेजारी तरी येतील आणि मी एकटा राहणार नाही.

येणारे येतातच म्हणा. जुन्या क्वार्टरच्या सेक्टरमधलं भजनी मंडळ आठवड्यातून एकदा येऊन जातं. बायका तिच्या पायाला हात लावतात, किती सोसते म्हणतात, आणि ती त्या हातानेही कळवळते हे कुणाच्या लक्षात येत नाही. मंडळातले आनंदराव तर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "शामभाऊ, वहिनींचं सारं याच जन्मात फिटून राहिलं. मागं काही बाकी राहत नाही पाहा." हे ते पोह्यांची दुसरी प्लेट खाता खाता सांगत होते. यांची दाढ दुखली होती तेव्हा अर्ध्या सेक्टरची झोप गेली होती. तोंडावर आलं होतं, पण चहा ठेवायला उठलो. भांडायला अंगात जो जोर लागतो तो आता नाही.

खरं सांगायचं तर मला काहीच वाटेनासं झालं आहे. एका कुशीवर निजून हात बधिर झाला की तो आपला वाटत नाही, तसा मी सध्या आहे. भात लावतो, कूलरमध्ये पाणी भरतो, तिची चादर बदलतो. ती पदर दातांत धरते आणि मी भिंतीवरची पाल बघत राहतो. रडू येत नाही आणि ते येत नाही याचंही काही वाटत नाही. सगळी नोकरी मिलमध्ये तापलेल्या लोखंडाशेजारी गेली. तिथे दुखण्याचा एकच अर्थ होता: हात फार जवळ गेलाय, मागे घे. त्याहून मोठा अर्थ मी कधी शोधला नाही. तुझ्या आईने मात्र शोधला आहे, आणि तो तिने मला परवा सांगितला.

तुझा जामुल रोडवर अपघात झाला, ते दिवस आठव. मांडीच्या हाडाचा चुरा झाला होता. ड्रेसिंग करताना तू ओरडायचास आणि ती दाराबाहेर भिंतीला कपाळ टेकून उभी असायची. त्या भिंतीशी उभं राहून तिने देवाजवळ मागितलं, की पोराचं सगळं दुखणं मला दे. दुसऱ्या दिवशी तू शांत झोपलास. उठल्यावर म्हणालास, आई, काही दुखत नाही. पुढेही तिने विचारलं की तुझं उत्तर तेच. देवाने ऐकलं अशी तिची खात्री झाली, आणि ठरलेलं दुखणं आपल्याकडे कधी येतं याची ती इतकी वर्षं वाट बघत होती. आजार हाडांत उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती जवळजवळ हसली होती. ते हसू मला तेव्हा कळलं नाही.

मी तिला समजावलं, नाही असं नाही. म्हटलं, विजया, त्या दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं होतं. हेच औषध होतं, जे आता तू घेत नाहीस. मीच खाली जाऊन आणलं होतं. तर म्हणते, "ते द्यायची बुद्धी डॉक्टरले कोणं देली?" मग हळूच म्हणाली, "म्या गोळी खाल्ली अन् ते वापस त्याच्याकडे गेलं तं? मले समजून राहिलं ना, केवढं दुखते ते. हे त्याले देऊ का मी?" एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिवाळीला आला होतास तेव्हा गच्चीवरून उतरताना मी तुला पाहिलं. भिंतीला धरून, आडवा होऊन, एकेक पायरी. मी दिसलो तसा सरळ झालास. तुझ्या दाढीच्या सामानात दुखण्याच्या गोळ्या असतात हेही मी पाहिलं आहे. तुझा पाय कधीच थांबला नाही ना रे? आईला त्रास नको म्हणून तू इतकी वर्षं खोटं बोलत आलास, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती. पण आता तिला खरं सांग. फोन करून सांग की पाय रोज दुखतो, पहिल्यापासून दुखतो, आई, माझं तुझ्याकडे काहीच आलेलं नाही, आणि मीसुद्धा गोळी घेतो, तूही घे. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तिच्याकडून मी काय काढून घ्यायला सांगतोय हे मला कळतं. पोरासाठी सोसते आहे, या एका समाधानावर ती दिवस काढते आहे. ते गेलं की नुसतं दुखणं उरेल. मग हे सगळं मी कशासाठी सोसलं असं तिने विचारलं, तर माझ्याजवळ उत्तर नाही आणि तुझ्याजवळही नसेल. तरी सांग. संध्याकाळी कमला उतईला परत जाते, तेव्हा फोन कर. मी पाण्याचा ग्लास आणि गोळी घेऊन पलंगाशी बसलेला असेन.

तुझाच,
बाबा