उभ्या जीपचं चालू इंजिन

बंद गाडीत माणूस चढत नाही, हे तुम्ही माझ्या डोक्यात इतकं घट्ट ठोकलंत की त्यापायी आज माझ्या सुनेच्या हातची गाडी गेली. आबा, तुम्हाला जाऊन जमाना झाला, पण खोड तुमचीच. कामशेतच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत तुम्ही इंजिन चालू ठेवायचा आणि मला, तुमच्या लेकीला, पुढच्या सीटवर बसवायचा, म्हणजे गाडी सुटायला आलीय असं लोकांना वाटावं. एकदा धुरानं मळमळलं म्हणून मी चावी फिरवली, तर आत बसलेले उतरून दुसऱ्याच्या जीपमध्ये गेले. तुम्ही हात उगारला नाही. "इंजिन इझलं, चूल इझली," एवढंच म्हणालात. तेवढं मला जन्मभर पुरलं.

आता पवनानगरच्या फेऱ्या सून मारते, म्हणजे मारायची. नवी डिझेल गाडी, आणि पुढच्या सीटवर मी म्हातारी. ती इंजिन बंद करते, मी चालू करायला लावते. "आत्या, उभ्या गाडीत आतून काजळी धरती," ती म्हणते. "लय शाणी हायेस. तुझ्या आदी माझ्या बापानं गाडी चालवलीय." झालं, बेडशाजवळच्या चढाला भरल्या गाडीनं काळा धूर सोडला आणि गाडी ओढेचना. गॅरेजवाल्यानं इंजिनात हवा जायचा पाइप सोडला. आत तेल आणि काजळी मिळून डांबरासारखा थर, करंगळी जाईल एवढीच वाट उरलेली. खरवडता खरवडता तो म्हणाला, "हल्लीच्या गाड्या आपलाच थोडा धूर परत आत घेत्यात. लय येळ उभी चालू ठिवली का असं तुंबतं. कोण ठिवतं?" गॅरेजात आलेल्या माझ्या मुलानं बायकोकडं बघितलं. "बाईच्या हातात गाडी दिली का हेच व्हणार," म्हणाला आणि तिच्याकडून चावी काढून घेतली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी डब्यात पडणारी काळी खरवड बघत बसले.

पाइप धुऊन गाडी धडधाकट झालीय. उद्यापासून बाहेरचा ड्रायव्हर येतोय. सून भाकरी थापते. भांडली असती तर चार शब्द ऐकवून मी मोकळी झाले असते. सगळं तुमच्यावर ढकलावं म्हणून हे लिहायला बसले, मेलेला माणूस काय भांडायला येतोय. पण तुमच्या जीपला हा रोग नव्हता आणि तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. मला ती रोज सांगत होती. हा कागद टपालात टाकायचा नाहीच. गाडी कोण चालू ठेवत होतं, याचं उत्तर ड्रायव्हर यायच्या आत पोराला मी द्यायचं, आणि तुम्ही गप्प बसायचं.